मुरमाच्या दरडीतला मल्लण्णा

आमच्या गावात इरप्पाला लोक वाकून नमस्कार करतात, आणि त्याच्याइतका दुःखी माणूस गावात दुसरा नाही. हे मी खात्रीनं सांगते, कारण त्याचा फोटो स्टुडिओ आणि माझं शिलाईचं दुकान यांच्यामधे एकच भिंत आहे, तीही पत्र्याची. त्याचा खोकला मला ऐकू येतो आणि माझी मशीन त्याला. बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातलं आमचं गाव. स्टँडसमोर दुकानांची एक ओळ, तिच्यात शेवटची ही दोन. मी नागरत्ना. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते आणि दिवसभर लोकांचं बोलणं ऐकते.

इरप्पाचे आजे-पणजे मेंढरं राखायचे. बापानं मेंढरं विकून जमीन धरली. ह्यानं जमीन बटईनं लावून कॅमेरा घेतला. पिढीगणिक काम हलकं होत गेलं आणि डोकं मात्र जड, असं मी त्याला चिडवायची. तो हसायचा. तो हसणारा माणूस होता, हे आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

धंदा लग्नाचा, पण लग्नात त्याचं लक्ष नसायचं. बसवकल्याणकडच्या एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी मांडवाच्या फुलांत एक शिंजीर शिरला. अंगठ्याएवढा पक्षी, जांभळा, उन्हात चमकणारा. आमच्या इरप्पानं नवरा-नवरी सोडून त्याच्यावर कॅमेरा धरला. अल्बममधे अंतरपाट आहे आणि मग एकदम पंगत. नवऱ्याचा मामा स्टुडिओत येऊन भांडला तेव्हा मी मशीन थांबवून ऐकत होते. "माझ्या भाच्याचं लगीन लागलं का न्हाई, कुनाला काय दाखवू?" असं तो ओरडत होता, आणि इरप्पा म्हणत होता, "मामा, जरा पक्षी तर बघा की." अशा माणसाचं गिऱ्हाईक किती दिवस टिकणार? त्यात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. मग पासपोर्ट फोटो, मेलेल्या माणसांचे हार घालायचे मोठे फोटो आणि वर्षाकाठी एखादं ओळखीतलं लग्न, एवढंच राहिलं.

त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं, कारण त्याला दरड होती.

गावाच्या वर गायरान आहे. तिथं मागं कधीतरी कुणी मुरूम काढलेला, म्हणून टेकाडाची एक बाजू उभी कापल्यासारखी आहे. लालभडक, दोन पुरुष उंच. त्या दरडीत वेडे राघू घर करतात. तारेवर ओळीनं बसणारा हा पक्षी सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण बघितलेला कुणी नसतो. चिमणीएवढं अंग, हिरवंगार, शेपटीतून तारेसारखी बारीक पिसं निघालेली. उडता उडता माशी, चतुर धरतो, फांदीवर येऊन आपटून मारतो आणि मग खातो. फाल्गुनात नर-मादी मिळून चोचीनं दरड कोरतात, हातभर आत जातात आणि अंधारात अंडी घालतात. हे सगळं मला इरप्पानं सांगितलं. मी न विचारता सांगितलं, आणि पुष्कळदा सांगितलं.

कॉम्प्युटरवर फोटो लावून तो मला हाक मारायचा. "नागरत्नाक्का, ह्या रंगाला काय म्हंतेत?" रंगांची नावं मला येतात, धंदाच तो आहे. अंग पोपटी. डोकं विटकरी, पण उन्हातलं. गळ्याखाली मोरपंखी आणि त्यावर काळा गोफ. मी दोऱ्यांचा डबा घेऊन जायची आणि रिळं स्क्रीनला लावून बघायची. गळ्याच्या रंगाचा दोरा मला आजवर मिळालेला नाही. भालकीला नाही, बीदरला नाही.

त्याला हवा होता एकच फोटो. राघू चोचीत चतुर घेऊन भोकाशी येतो, आतून पिल्लाची चोच बाहेर येते आणि घास दिला जातो. पापणी लवते तेवढ्यात संपतं. कधी फांदी मधे यायची, कधी ढग यायचा, कधी कॅमेराच रुसायचा. दर उन्हाळ्यात तो म्हणायचा, "ह्या बारी घावतंय बघ."

तिथं बसायची त्याची एक रीत होती. आज्याची काळी घोंगडी डोक्यावरून घ्यायची, फक्त कॅमेऱ्याचं तोंड बाहेर ठेवायचं आणि दगडासारखं बसायचं. पाखरं माणसाला भितात, घोंगडीला भीत नाहीत, असं तो म्हणायचा. गायरानात पिढ्यान्‌पिढ्या धनगर असेच बसलेले त्यांनी पाहिलेत. उन्हाळ्याच्या उन्हात दुपारभर घोंगडी पांघरून दरडीकडं तोंड करून हा माणूस बसलेला सगळ्या गावानं वर्षानुवर्षं पाहिला. आम्ही त्याला खुळा म्हणत होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं इथूनच निघालं.

रस्ता रुंद करायचं काम आलं आणि कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराला मुरूम पाहिजे झाला. पंचायतीनं गायरान दाखवलं. इरप्पा पंचायतीत गेला, मग बीदरला एका ऑफिसात गेला. तिथल्या माणसानं त्याला विचारलं, "राघूच्या नावानं जमिनीचा उतारा, पहाणी निघती का?" सगळे हसले म्हणे. हाही हसला आणि परत आला. त्या दिवशी पत्र्यापलीकडून त्याचा आवाज आला.

"अक्का, देव चालंल का?"

"मला कामून इचारतूस? आमच्यात गळ्यातल्या लिंगाबिगर देव न्हाई. दगडाला आमी हात जोडत न्हाई."

"म्हनून तर तुलाच इचारायलो. दुसऱ्या कुनाला इचारलं तर त्ये खरंच समजतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी दरडीपाशी आला तेव्हा खाली एक गोल दगड होता, भंडाऱ्यानं पिवळाजर्द केलेला, आणि शेजारी घोंगडी पांघरून इरप्पा. त्यानं सांगितलं, "मल्लण्णा सपनात आला. म्हनला, हे माजं घर हाय, खांदू नका." मल्लण्णा म्हणजे धनगरांचा देव. जेसीबीवरचा बसवप्रभु तरणा पोरगा, हुमनाबादकडचा. त्यानं मशीन बंद केली, चपला काढल्या, कपाळाला भंडारा लावला आणि मशीन मागं घेतली. गुत्तेदार तावातावानं आला, पण दगड बघून त्याचाही आवाज खाली आला. देवाशी कोण वैर घेणार? मुरूम पलीकडच्या टेकाडाचा निघाला.

आणि गावाला जराही नवल वाटलं नाही. उगाच का हा इतकी वर्षं घोंगडी पांघरून दरडीसमोर बसत होता, असं जो तो म्हणू लागला. आम्ही ज्याला खूळ म्हणत होतो ती तपश्चर्या होती तर! त्याची बायको पद्माबाई तेवढी चिडली. "देवाचं नाव खोटं घेतलंव, आता काय व्हतंय बघा," असं तिनं माझ्या दुकानात बसून त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तो पलीकडून हसला. मीही हसले. मला तर त्याची हुशारी फार आवडली होती.

तो उन्हाळा त्याचा बरा गेला. फोटो हुकला, पण थोडक्यात हुकला. पिल्लाच्या चोचीचं टोक आलं होतं.

पाऊस झाल्यावर लोक येऊ लागले. आधी धनगरांची घरं, मग सगळीच. रविवारी नैवेद्य, खोबरं, भंडारा. पूजा कुणी करायची? देव ज्याच्या स्वप्नात आला त्यानं. इरप्पानं नाही म्हणून पाहिलं, पण स्वप्न त्याचंच होतं, नाही कसं म्हणणार? ज्या जागी तो लपून बसायचा तिथं आता लोक रांगेनं उभे राहायचे आणि तो उघड्या डोक्यानं भंडारा वाटायचा. पाखरं बसायची ती बाभळ तोडली, कारण तिच्यावरून देवावर घाण पडत होती. तार लावून लाइट आणली. गुरुबाई नावाची एक म्हातारी आहे, तिच्या सुनेला बरीच वर्षं मूल नव्हतं. दगडाला पाच रविवार नैवेद्य दाखवला आणि सुनेला दिवस गेले. झालं. त्यानंतर बीदरहूनसुद्धा गाड्या यायला लागल्या.

पुढच्या फाल्गुनात राघू आले. बाभळ नाही, लाइट आहे, माणसं आहेत, तरी आले. घर तेच. त्यांनी दरड कोरली, आणि चैत्रात पिल्लांचा आवाज येऊ लागला. ते ऐकून गुरुबाईला काळजी लागली. देवाच्या घराला भोकं. आत साप निघाला म्हणजे? गावकऱ्यांची बैठक बसली आणि दरडीला सिमेंटचा गिलावा करायचं ठरलं. वरून पिवळा रंग.

त्या बैठकीत इरप्पा उठला आणि सगळं सांगितलं. स्वप्न पडलं नव्हतं. दगड ओढ्यातला आहे. पाखरं वाचावीत म्हणून मी खोटं बोललो, मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण पिल्लं उडेपर्यंत थांबा. मी समोर होते. मला वाटलं, आता ह्याला मारतात. कुणी मारलं नाही. म्हातारी त्याच्याजवळ गेली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "येड्या, तू खोटं बोललास पर देवानं खरं केलं. माज्या सुनंचं पोट खोटं हाय व्हय?" मी उठून "तो खरं सांगायलाय" म्हणाले, तर एकानं मला सुनावलं, "अक्का, तुमी लिंगवाले. तुमाला आमच्या मल्लण्णाचं काय कळायलंय?"

गिलावा लगेच होणार नव्हता, मिस्त्री गुंतलेला होता. तेवढ्या दिवसांत पिल्लं उडतील अशी इरप्पाला आशा होती. उदगीरला नात्यातलं लग्न होतं, त्याला जाणं भाग होतं. तो गेला आणि इकडं मिस्त्री मोकळा झाला.

तो परतला तेव्हा सकाळ होती. मी दुकान उघडत होते. बसमधून उतरून, पिशवी माझ्या पायरीवर टाकून तो तसाच गायरानाकडं पळाला, कारण कुणीतरी बसमधेच त्याला सांगितलं होतं. मी मागं गेले. दरड करड्या सिमेंटची झाली होती. समोर राघू हवेत तरंगत होते, चोचीत माश्या, चतुर, जिथं भोक असायचं तिथं येऊन थांबत होते, गिलाव्याला नखं लावत होते, घसरत होते, आणि परत येत होते. मी लेकरंबाळं वाढवलेली बाई आहे. मला ते बघवलं नाही.

इरप्पानं मिस्त्रीचीच पहार उचलली आणि गिलाव्यावर घालायला सुरुवात केली. रडत होता, अंग कापत होतं, तोंडातून फेस आला होता. "उघडा! घर उघडा! आत लेकरं हायती!" एक भोक त्यानं मोकळं केलं. आत मिस्त्रीनं दगड-सिमेंट गच्च ठासलं होतं. लोक धावत आले. मला वाटलं, आता तरी कुणी त्याला धरील, पाणी देईल. त्यांनी त्याला पाहिलं आणि सगळे खाली बसले. कुणीतरी भंडारा उधळला. कुणीतरी त्याच्या घरून घोंगडी आणून त्याच्या अंगावर टाकली. अंगात आलं होतं त्याच्या, दुसरं काय?

"देवा, काय पायजे सांग," गुरुबाईनं हात जोडून विचारलं.

"घर उघडा," तो ओरडला. "लेकरं मरायलीत!"

"ऐकलं का? देवाला भिंतीत कोंडलंव आपन. देवाला उघडं घर पायजे, देऊळ पायजे. आपनच त्याची लेकरं की!"

मग लोकांनी विचारायला सुरुवात केली. कुणाची म्हैस, कुणाच्या मुलाची नोकरी. तो फक्त रडत होता, आणि प्रत्येकानं आपापलं उत्तर घेतलं. पद्माबाई धावत आली. तिनं आधी त्याचा हात धरून ओढला. मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं, हात सोडला, आणि तिनंही त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्या क्षणी इरप्पानं पहार खाली ठेवली.

नंतर मी तिला रागानं विचारलं, "तुला तर समदं ठावं व्हतं की गं?" ती म्हणाली, "अक्का, तीस वर्षं संसार केलाय. त्येंचं तोंड तसं मी कधी बघितलं न्हवतं. देव न्हवता म्हनावं, तर मंग काय व्हतं त्ये?" माझ्या मनात होतं ते एवढंच, की बायकोलाही नवऱ्याचं दुःख ओळखू येऊ नये, असं हे कसलं गाव.

देवळाचं काम वर्षभरानं निघालं. वर्गणी जमली, आणि गुत्तेदारानं जेसीबी फुकट द्यायचं कबूल केलं. पहिल्यांदा देवावर मशीन घातली त्याचं प्रायश्चित्त म्हणून. दरड पाडून जागा सपाट करायची आणि पाया घ्यायचा. मुहूर्त वैशाखातला. आणि राघू त्याही साली आले होते. दरडीच्या कडेला गिलावा न पोचलेला एक पट्टा होता, तिथं जेमतेम दोन-तीन जोड्यांनी भोकं पाडली होती.

इरप्पानं सांगून पाहिलं, पावसाळ्यानंतर करू. मुहूर्त निघालाय, लोक म्हणाले. मग त्यानं शेवटचा उपाय केला. रविवारी सगळे जमलेले असताना घोंगडी पांघरली, अंग घुमवलं आणि आवाज काढला, "मल्लण्णा म्हनतोय, थांबा!" गुरुबाईनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं. तिनं आयुष्यभर अंगात आलेली माणसं पाहिली आहेत. "ह्ये खोटं हाय," ती म्हणाली. "उतर खाली, इरप्पा. देवाची नक्कल करू नगं." लोक हसले. मीही तिथं होते, आणि मला वाटलं, जमीन फाटावी आणि ह्या माणसाला आत घ्यावं.

मुहूर्ताच्या सकाळी जेसीबीला झेंडूचे हार, केळीचे खुंट. वर तोच बसवप्रभु, नव्या शर्टात. इरप्पाच्या गळ्यात कॅमेरा, कारण पूजेचे फोटोही त्यानंच काढायचे होते. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात भंडाऱ्याची वाटी. ऊन कोवळं होतं आणि सरळ दरडीवर येत होतं. मी त्याच्या शेजारी उभी होते. मीच आधी पाहिलं. जेसीबीच्या उचललेल्या बकेटीच्या दातावर राघू येऊन बसला, चोचीत चतुर. बाभळ नव्हती, मग बसणार कुठं? हात लांब केला तर लागेल इतका जवळ. गळ्याचा तो रंग मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला, फोटोत नाही.

"इरप्पा," मी हळूच म्हणाले.

त्यानं पाहिलं होतं. राघू उडाला, दरडीच्या कडेच्या भोकाशी गेला आणि धरून राहिला. आतून एक बारीक चोच बाहेर आली. मग डोकं आलं. ना फांदी मधे, ना ढग. घास दिला गेला, आणि पिल्लू आत न जाता तसंच उन्हात डोकं काढून बसलं. इरप्पाचे दोन्ही हात भरलेले होते. त्यानं वाटी माझ्याकडं दिली असती तर मी धरली असती, मी हात पुढं केलाही होता. त्यानं दिली नाही.

"अप्पा, येळ व्हायली," मागून कुणीतरी म्हणालं.

त्यानं पुढं होऊन बसवप्रभुच्या कपाळाला भंडारा लावला, बकेटीला लावला आणि नारळ फोडला. लोकांनी जयजयकार केला. बसवप्रभुनं देवाचं नाव घेऊन मशीन चालू केली.

आता तिथं देऊळ आहे, आणि इरप्पा पुजारी आहे. स्टुडिओचं शटर बंद असतं. पत्र्यापलीकडून खोकला येत नाही, त्यामुळं मला माझ्याच मशीनचा आवाज नकोसा होतो. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही. एकदाच, रविवारी मी देवळावरून जात होते तेव्हा तो पायरीवर बसला होता, त्यानं मला थांबवलं. मला वाटलं, काहीतरी मोठं सांगणार.

"उजेड लई चांगला व्हता, अक्का," तो म्हणाला, आणि नैवेद्य घेऊन आलेल्या बाईला भंडारा द्यायला उठला.